एसीच्या ब्लोअरमधून चीं चीं आवाज: बेअरिंग बदलावं की अख्खी मोटर? (ठाणे)

अनघा_मानपाडा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे मानपाड्याला बेडरूममध्ये दीड टनाचा स्प्लिट एसी आहे. साधा, इन्व्हर्टर नाही. घेऊन सात वर्षं झाली. गेल्या आठवड्यापासून आतल्या युनिटमधून आवाज यायला लागलाय. लावला की थोडा वेळ शांत, मग चीं... चीं... चीं... अशी लय धरतो. स्पीड वाढवला की लयही वाढते. सासूबाईंची झोप मुळात सावध. त्या मध्यरात्री उठून एसी बंद करतात आणि मग पहाटेपर्यंत सगळेच घामाघूम.

एक मेकॅनिक येऊन गेला. कव्हर न उघडताच म्हणाला, "मॅडम, ब्लोअरची मोटर गेली. लेबर धरून बेचाळीसशे." मी विचारलं, नुसतं बेअरिंग नाही का बदलता येत? तर म्हणे हल्ली बेअरिंगच्या भानगडीत कुणी पडत नाही, सरळ मोटर टाकतात.

हवा नीट येतेय, खोली गार होतेय, मोटर फिरतेय. चालती मोटर भंगारात द्यायला माझं मन घेत नाही. ब्लोअरचं बेअरिंग वेगळं मिळतं का? बदलता येतं का? कुणी करून घेतलंय का?

खाडीकाठ_ऐरोली

एसीसमोर उभ्या राहा आणि सांगा, आवाज डावीकडून येतो की उजवीकडून?

अनघा_मानपाडा

डावीकडून. पक्कं. मुलाला स्टुलावर उभं करून ऐकायला लावलं, तोही डावीकडूनच म्हणाला.

खाडीकाठ_ऐरोली

मग मोटरवर संशय घ्यायचं कारणच नाही. आतल्या युनिटमध्ये लांब नळकांड्यासारखा ब्लोअर आडवा बसवलेला असतो. बहुतेक मॉडेलमध्ये त्याच्या उजव्या टोकाला मोटर असते आणि डाव्या टोकाला ब्लोअरची लोखंडी पिन एका छोट्या बुशमध्ये (धातूच्या कडीसारख्या नळीत) फिरते. बुशभोवती रबराची गादी. हे बुश कोरडं पडलं किंवा झिजलं की तुम्ही लिहिलाय तसाच आवाज येतो. आमच्याकडे झालं होतं, बुश बदलल्यावर आवाज गेला. पार्टची किंमत मोटरच्या पासंगालाही नव्हती.

प्रसाद_कासारवडवली

सात वर्षांचा साधा एसी आहे ना? विकून टाका ताई. नवीन इन्व्हर्टर घ्या, वीजबिल कमी येईल. जुन्या मशीनमागे पैसे घालण्यात अर्थ नाही. आज बुश, उद्या कपॅसिटर, परवा गॅस.

वसुधा_नेरूळ

प्रसाद, एक बुश झिजलं म्हणून एसी विकायचा? चपलेचा अंगठा तुटला तर आपण चांभाराकडे जातो, लगेच नवा जोड नाही घेत.

अनघा, तुझ्या सासूबाईंसाठी वाईट वाटतंय. आमच्याकडे हाच त्रास पंख्याने दिला. रात्रभर घर्र घर्र. वॉचमन म्हणाला, खोबरेल तेल सोडा. यजमान सोडायला निघाले होते, मी थांबवलं. शेवटी वाइंडिंगवाल्याने पंखा उतरवून नेला, दोन्ही बेअरिंगं बदलली, दुसऱ्या दिवशी आणून लावला. त्यानंतर पंखा लागलाय की नाही हे मान वर करून बघावं लागतं.

रबाळे_मेंटेनन्स

खोबरेल थांबवलंत ते फार बरं केलंत वसुधाताई. त्याबद्दल खाली लिहितो.

माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत, मेंटेनन्समध्ये गेली. पंप, ब्लोअर, कन्व्हेयर, जे जे फिरतं ते सगळं हाताखालून गेलंय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, बुश आणि बॉल बेअरिंग (दोन रिंगांमध्ये फिरणारे छर्रे) यांत गल्लत करू नका. एसीच्या डाव्या टोकाला बहुतेक बुश असतं. धातूची पूड दाबून, भाजून ही बुशं बनवतात. त्यांत बारीक छिद्रं असतात आणि त्या छिद्रांत तेल मुरवलेलं असतं. शाफ्ट फिरू लागला की तेल पृष्ठभागावर येतं, थांबला की परत आत मुरतं. अशा बुशला ग्रीस थापलं तर फायदा नाही. ग्रीस आत मुरत नाही, वर धूळ मात्र धरतं. पातळ खनिज तेलाचे दोन थेंब पुरतात, पण तेही बुश झिजलेलं नसेल तरच. भोक मोठं झालं असेल तर तेलाने चार दिवस आवाज दबतो आणि पुन्हा सुरू होतो.

खोबरेलाचं सांगायचं तर ते हवेशी आणि धुळीशी मिळून चिकट होतं, डिंकासारखं बसतं. थंडीत गोठतं ते वेगळंच. गंज सोडवायचा स्प्रे सगळ्यांच्या घरी असतो. तो सुटं करायला, साफ करायला चांगला, पण पातळ असतो, उडून जातो, आणि आधीचं तेलही धुऊन नेतो. फिरत्या बेअरिंगचं वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

आता सिलिंग फॅन. यात बॉल बेअरिंग असतात, एक वरच्या कव्हरमध्ये, एक खालच्या. आपल्याकडच्या बहुतेक पंख्यांत ६२०१ आणि ६२०२ हे नंबर सापडतात. नंबर वाचायची रीत सोपी आहे. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे. ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचने गुणायचं. म्हणजे ६२०४ चं भोक २० मिमी, ६२०५ चं २५. पुढे झेडझेड लिहिलेलं असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस असेल तर रबरी सील. खाडीजवळच्या दमट, खारट हवेत मला रबरी सील जास्त भरवशाचं वाटतं. सी-३ म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक ठेवलेली. मोटर तापते तेव्हा बेअरिंगही फुगतं, म्हणून मोटरीत सी-३ बरेचदा वापरतात. जुन्या बेअरिंगवर जे छापलंय तेच नवीन आणा.

बसवताना सगळ्यात जास्त बेअरिंगं मरतात. शाफ्टवर चढवताना जोर आतल्या रिंगवर द्यायचा, कव्हरमध्ये बसवताना बाहेरच्या रिंगवर. उलट केलं तर सगळा दाब छर्ऱ्यांमधून जातो, ट्रॅकवर बारीक खळगे पडतात आणि कोरं करकरीत बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. मापाचा पाइपाचा तुकडा घ्या, रिंगवर सरळ टेकवा, हळू हळू ठोका. काढताना पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) वापरा. छिन्नी लावून कव्हर फोडणारे मी खूप बघितलेत.

खाडीकाठ_ऐरोली

रबाळेकाका, दंडवत. हा प्रतिसाद जपून ठेवला.

कळवा_कूलिंग

नमस्कार. मी एसीच्याच धंद्यात आहे, कळव्याला. मेकॅनिकची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो.

अनघाताई, कव्हर न उघडता मोटर गेली सांगणं चूकच. त्यात दुमत नाही. पण बुश बदलायला मेकॅनिक का कुरकुरतो तेही समजून घ्या. फ्रंट पॅनेल काढायचं, ड्रेन ट्रे काढायचा, मग कॉइलची (हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या संचाची) डावी बाजू सोडवून जरा वर उचलायची, तेव्हा कुठे ब्लोअर डावीकडे सरकतो. कॉइलच्या उजव्या अंगाला तांब्याच्या नळ्या असतात. उचलताना तिथे एखादी नळी पिचली तर गॅस गेला. मग ग्राहक म्हणणार, आलास आवाज काढायला आणि एसीच बंद करून गेलास. दीड-दोन तासांचं काम आणि पार्ट शे-दीडशेचा. ग्राहकाला पार्टची किंमत दिसते, वेळ दिसत नाही. एवढ्याशा रबराचे हजार रुपये कसले, असं तोंडावर ऐकवतात. मग पोरं सोपा मार्ग धरतात, मोटर सांगतात. मोटर बदलायलाही जवळपास तेवढंच उघडावं लागतं, पण बिल मोठं झालं की लेबर कुणाला खुपत नाही.

मी बुशच बदलतो. पण आधी लेबर सांगतो आणि कबूल असेल तरच स्क्रू काढतो.

काही वेळा मोटर खरंच जाते. उजवीकडून घरघर येते, ब्लोअर हाताने फिरवला तर खरखर लागते, सुरू होताना अडखळतो, किंवा चालून चालून मोटर तापून बंद पडते. या मोटरीत छोटी बॉल बेअरिंग असतात, पुष्कळदा ६०८ नंबरची. पण हल्ली मोटरीची बॉडीच प्लास्टिकमध्ये ओतलेली येते. ती खोलून बेअरिंग बदलणारे थोडे, आणि बदललं तरी मी गॅरंटी देत नाही. अशा वेळी मोटर बदला म्हणणारा तुम्हाला फसवत नसतो.

वसुधा_नेरूळ

कळवा, तुमचं लेबरचं म्हणणं पटलं. हातातल्या कौशल्याचे पैसे देताना आपण फार घासाघीस करतो. पार्टच्या पावतीवर एक शब्द बोलत नाही.

अनघा_मानपाडा

मनापासून आभार सगळ्यांचे. कळवादादा, लेबरची माझी तक्रार नव्हती आणि नाहीये. बघितलं, उघडलं, नेमकं काय गेलंय ते दाखवलं, तर आनंदाने देईन.

एक विचारते. दर वर्षी मार्चमध्ये जेट पंपाने सर्व्हिसिंग करून घेतो. या वेळी आवाज त्यानंतरच सुरू झाला. संबंध असेल का?

कळवा_कूलिंग

असू शकतो ताई. जेटचं पाणी जोरात थेट डाव्या बुशवर मारलं की आतलं तेल धुपतं. केमिकलचा फेस नीट धुतला नाही तर तोही पिनेवर राहतो, पिन गंजते, मग गंजकी पिन बुशला कानशीसारखी खाते. जेट वाईट नाही, कॉइल त्यानेच साफ होते. पण मोटर आणि पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) प्लास्टिक बांधायचं, बुशच्या टोकावर धार धरायची नाही, आणि शेवटी अर्धा तास नुसत्या फॅन मोडवर एसी चालवून आतलं पाणी सुकवायचं.

सुहास_वाशी

आमच्या सोसायटीत सर्व्हिसिंगचं पॅकेज घेतलं होतं. एका दिवसात अख्ख्या विंगचे एसी उरकले. त्यानंतर तिसऱ्या मजल्यापासून सातव्यापर्यंत सगळीकडे पक्ष्यांची किलबिल. बायको म्हणाली, चला, निदान कबुतरांपेक्षा वेगळा आवाज.

नौपाडा_ते_मिनेसोटा

धागा वाचून राहवेना. मूळचा नौपाड्याचा, गोखले रोडवर लहानाचा मोठा झालो. आता मिनेसोटात. तुमच्याकडे ब्लोअर गार हवा फेकतो, आमच्याकडे गरम. दुखणं मात्र तेच.

इथल्या घरांत बेसमेंटला गॅसवर चालणारी फर्नेस असते. बर्नर एका धातूच्या उष्णता-विनिमयकाला तापवतो, आणि ब्लोअर घरातली हवा त्यावरून ढकलून पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत पाठवतो. जानेवारीत बाहेर उणे २०-२५ अंश सेल्सियस जाणं इथे नेहमीचं. अशा रात्री ब्लोअर बंद पडला तर आतली उष्णता साचते, लिमिट स्विच उडतो, बर्नर बंद होतो आणि घर गार पडायला लागतं. फार वेळ तसंच राहिलं तर नळाचं पाणी पाइपातच गोठून पाइप फुटतात. म्हणून ब्लोअरमधून पहिली किरकिर आली की इथले लोक कान टवकारतात.

आमच्या जुन्या घरातला ब्लोअर पट्ट्यावर चालणारा होता. मोटर वेगळी, हवा फेकणारं पिंजऱ्यासारखं चाक वेगळं, चाकाच्या शाफ्टला दोन्ही टोकांना बुश बेअरिंग आणि वर तेल सोडायला छोट्या टोपणाची भोकं. हिवाळा सुरू व्हायच्या आधी वर्षातून एकदा त्यांत डिटर्जंट नसलेलं एसएई २० तेल सोडायचं, तेही मोजके थेंब. जास्त ओतलं तर मोटरीच्या गुंडाळीपर्यंत जातं आणि धूळ चिकटते. पट्टा फार ताणला तरी बेअरिंग लवकर जातं, कारण शाफ्ट सतत एका बाजूला ओढला जातो. आताच्या फर्नेसमध्ये चाक थेट मोटरीच्या शाफ्टवर असतं आणि बहुतेक मोटरींची बेअरिंगं सीलबंद येतात. तेलाचं भोकच नसतं. त्यात बाहेरून तेल मारत बसण्यात अर्थ नाही.

तपासायची रीत शेजारच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने दाखवली, ती तुमच्या एसीलाही लागू पडेल. वीज बंद, गॅस बंद. चाक हाताने हळू फिरवायचं आणि डोळे मिटून बोटांनी ऐकायचं. गुळगुळीत फिरून आपोआप थांबलं तर ठीक. वाळूवरून फिरल्यासारखं लागलं, एकाच जागी अडलं, तर बेअरिंग गेलं. मग शाफ्टचं टोक धरून वर-खाली हलवायचं. स्पष्ट हाललं तर बुशचं भोक मोठं झालंय. आणि बुशच्या तोंडाशी लालसर तपकिरी पूड दिसली तर झीज चालू आहे हे नक्की. आमच्याकडे ती पूड होती, पांढऱ्या कागदावर झटकली तर तांबडा डाग पडला. बुशं बदलली, शाफ्टला चरा पडला होता म्हणून शाफ्टही बदलला. चरा पडलेल्या शाफ्टवर नवं बुश घालणं म्हणजे ते लगेच खायला देणं.

आणि फिल्टर! इथे फिल्टर तुंबला की हवा कमी जाते, आत उष्णता वाढते, मोटरही तापते, आणि धूळ चाकाच्या पात्यांवर बसून तोल जातो. तोल गेला की थरथर, थरथरीने बेअरिंग. अनघा, जाळी धुता ना वेळच्या वेळी?

अनघा_मानपाडा

जाळी दर दोन आठवड्यांनी धुते. पण ब्लोअरची पाती मी कधी पाहिलीच नाहीत. टॉर्च मारून आत बघते आज.

अनघा_मानपाडा

बघितलं. फ्लॅप हाताने खाली करून टॉर्च मारला. पात्यांवर काळा, ओलसर थर. काही पाती पूर्ण भरलेली, काही जवळजवळ स्वच्छ.

रबाळे_मेंटेनन्स

हेच. अर्धी भरलेली आणि अर्धी रिकामी म्हणजे तोल गेलेला. बुश बदलून घाल आणि ब्लोअर तसाच बसव, असं झालं तर नवं बुशही लवकर जाईल. ब्लोअर बाहेर निघणारच आहे तर नळाखाली ब्रशने घासून धुऊन घ्यायला सांगा. फक्त पात्यांना चिकटवलेली एखादी छोटी धातूची क्लिप दिसली तर ती काढू नका, तोल साधायला लावलेली असू शकते.

नौपाडा, तुमचा बोटांनी ऐकायचा मुद्दा सोळा आणे खरा. कारखान्यात आता कंपन मोजायची यंत्रं आलीत, तरी मी आधी हात ठेवून बघायचो. मोठ्या पंपाला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या कव्हरवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. चांगलं बेअरिंग एकसारखं सुंऽऽ करतं. खराब झालेल्यात मधेच कट्, कट् येतं. हा प्रयोग एसीच्या आत मात्र कुणी करू नका, तिथे उघड्या तारा असतात.

घरघंटी_गृहउद्योग

मी कोपरखैरण्याला घरगुती पीठ दळून देते. घरघंटीचा आवाज गेल्या महिन्यापासून जाडसर झालाय. पंखा आणि एसीच्या धाग्यात घुसते त्याबद्दल क्षमस्व, पण बेअरिंगचे जाणकार इथेच जमलेत. पिठामुळे होतं का हे?

रबाळे_मेंटेनन्स

क्षमस्व कसलं ताई, विचारा की. पीठ फार बारीक, ते पत्र्याच्या झाकणाच्या फटीतून आत जातं, ग्रीस शोषून घेतं आणि आत घट्ट लगदा होतो. बेअरिंग बदलाल तेव्हा रबरी सीलचं मागा. झेडझेडवालं तुमच्या कामाला नको. आणि दळून झाल्यावर मोटरीच्या बाजूचं पीठ ब्रशने झटका, हवेच्या फुंकणीने नको. फुंकणी ते आणखी आत ढकलते. आवाजाबरोबर मोटर हात लावू नये इतकी तापत असेल तर दळण थांबवून आधी दाखवून घ्या. बेअरिंग जाम झालं की वाइंडिंग जळतं, मग खर्च खूप वाढतो.

सुहास_वाशी

धाग्यात घरघंटी आली. आता कुणीतरी वॉशिंग मशीन आणा म्हणजे घर पूर्ण झालं.

प्रसाद_कासारवडवली

सुहास, मीच आणणार होतो!

आणि वरचं सगळं वाचून एक लिहितो. एसीचं मी बोललो ते बिलाच्या हिशेबाने, त्यावर ठाम आहे. पंख्याचंही तसंच. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा, कमी वीज खाणारा) ३० च्या आसपास. २०२३ पासून सिलिंग फॅनला स्टार लेबलही सक्तीचं झालंय. ज्याच्या घरी पंखा अठरा-अठरा तास चालतो त्याने जुन्यात बेअरिंग घालण्याआधी गणित करून बघावं.

वसुधा_नेरूळ

गणित मान्य. पण बीएलडीसीतही बेअरिंग असतंच ना? ते झिजल्यावर काय करणार?

रबाळे_मेंटेनन्स

असतंच. फिरणारी वस्तू म्हटली की बेअरिंग आलं. आणि तिथे दुरुस्ती करताना सर्किट बोर्डही सांभाळावं लागतं. दोघांचंही बरोबर आहे. दिवसभर चालणारा जुना पंखा बदला, दिवसातून तासभर चालणाऱ्याचं बेअरिंग बदला.

खाडीकाठ_ऐरोली

बेअरिंग घ्यायचं कुठे यावर कुणी बोललं नाही. नकली माल फार आहे. नामांकित कंपन्यांच्या डब्यात भलतंच.

रबाळे_मेंटेनन्स

कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यायचं आणि पक्कं बिल मागायचं. ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला दुकानं आहेत, जास्त प्रकार हवे असतील तर मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट. तिथे गल्लीच्या गल्ली बेअरिंग, पट्टे, पुली. एसकेएफचं ऑथेंटिकेट नावाचं ॲप आहे, फोटो पाठवून खात्री करता येते. भाव फारच कमी सांगितला की मी पुढच्या दुकानात जातो. एसीचं बुश मात्र तिथे शोधू नका, ते एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. जुनं बरोबर न्यायचं. कंपनीगणिक रबराचा बाहेरचा आकार बदलतो, नुसतं "दीड टनाचं द्या" म्हणून चालत नाही.

नौपाडा_ते_मिनेसोटा

नागदेवी स्ट्रीट! वडिलांबरोबर गेलो होतो तिथे, शिलाई मशीनच्या मोटरीसाठी. डोक्यावर पेट्या घेऊन धावणारे हमाल आणि सगळीकडे तेलाचा वास. अवांतर झालं, चालू द्या.

अनघा_मानपाडा

अपडेट. काल काम झालं. दुसरा मेकॅनिक बोलावला, शेजारच्या विंगमध्ये नेहमी येतो तो. फोनवरच सांगितलं की डावीकडचं बुश बघायचंय, लेबर तुम्ही सांगाल ते, पण मला उघडून दाखवायचं. तो एकदम खूश झाला.

एमसीबी (विजेचा ब्रेकर) बंद करून त्याने पॅनेल, ट्रे काढला, कॉइलची डावी बाजू हलकेच उचलून खाली लाकडाचा ठोकळा दिला. ब्लोअर सरकवल्यावर बुश माझ्या तळहातावर ठेवलं. रबर कडक झालेलं, एका कडेला फाटलेलं, आणि मधलं भोक गोल राहिलंच नव्हतं, लंबगोल झालं होतं. ब्लोअरच्या पिनेवर गंजाची तांबडी कडी, नौपाड्यांनी लिहिलेली तीच पूड. चरा पडलेला नव्हता. त्याने झिरो पेपरने पिन घासली, नखाने तपासली, मग नवीन बुश घातलं. ब्लोअर मी बाथरूममध्ये नेऊन धुतला. जे पाणी निघालं त्याचं वर्णन इथे करत नाही.

बसवताना मोटरच्या बाजूचा स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच आला पाहिजे असं म्हणाला, आणि दोन्ही टोकांना सारखी फट ठेवली. सगळे मिळून ११०० रुपये. बुशचे त्यातले १५०. एसी लावला तर चीं चीं गायब. सासूबाई रात्री उठल्या नाहीत.

एक मात्र आहे. अगदी कान देऊन ऐकलं तर उजवीकडून बारीक घुंऽऽ येतंय. पूर्वी बहुधा चीं चीं मुळे कळत नव्हतं. तो म्हणाला, मोटरीच्या बेअरिंगची सुरुवात असू शकते, घाई नको, हा उन्हाळा काढा.

कळवा_कूलिंग

बरोबर बोलला. आठवड्यातून एकदा लक्ष द्या. घुंऽऽ चं घर्र झालं किंवा सुरू होताना अडखळायला लागला तर मोटर बदला. तेव्हा मोटर बदलणं योग्यच ठरेल. जुनं बुश टाकू नका, पुढच्या वेळी मापाला लागेल.

वसुधा_नेरूळ

सासूबाईंना माझा नमस्कार सांग अनघा. आता शांत झोपू देत.

योगेश_खारघर

उशिरा आलो. माझा इन्व्हर्टर एसी आहे, तोही डावीकडूनच कुरकुरतोय. यूट्यूबवर बघून मीच करायचा विचार आहे. साध्या एसीसारखंच असतं ना आत?

कळवा_कूलिंग

बुश तसंच असतं दादा, पण मोटर वेगळी. इन्व्हर्टरमध्ये बहुतेक डीसी मोटर येते, पाच तारांचा प्लग, त्यातल्या एका तारेवर साधारण ३१० व्होल्ट डीसी. एसी चालू असताना किंवा नुसता रिमोटने बंद करून तो प्लग ओढला तर पीसीबी आणि मोटर दोन्ही जाऊ शकतात, आणि शॉक बसला तर जिवावरचं. एमसीबी बंद केल्यावरही बोर्डवरचे कपॅसिटर रिकामे व्हायला पाच-दहा मिनिटं द्यावी लागतात. त्यात तुमच्या एसीत आर-३२ गॅस असेल तर तो थोडा ज्वलनशील असतो, कॉइल उचलताना नळी फुटली तर बंद खोलीत धोका आहे. जाळी धुणं, टॉर्च मारून पाती बघणं, आवाज कुठल्या बाजूचा ते ठरवणं, एवढं घरी करा. कॉइलला हात लावू नका.

योगेश_खारघर

समजलं. शनिवारी मेकॅनिकला बोलावतो. फोनवर डावं बुश म्हणूनच सांगतो, म्हणजे पार्ट घेऊन येईल.

कळवा_कूलिंग

मॉडेल नंबरचा फोटोही पाठवा त्याला. युनिटच्या बाजूच्या स्टिकरवर असतो. नाहीतर बुश एक आणणार आणि निघणार दुसरं.